पाणीवाले काका आणि तोंड नसलेली बॅटरी

माझ्या काकांना सगळं गाव पाणीवाले म्हणायचं. नव्या माणसाला वाटे, हे घरोघर पाण्याचे कॅन पोचवत असतील. काका पाणी पोचवायचे हे खरं, पण ते माणसांना नव्हे, बॅटऱ्यांना.

सकाळी एका हातात डिस्टिल्ड वॉटरचा पांढरा कॅन आणि दुसऱ्या हातात लाकडी पेटी घेऊन ते निघत. बस डेपो, टॅक्सी स्टँड, लाकडाची वखार, शाळेची गाडी असा त्यांचा फेरा ठरलेला. बॉनेट उघडायचं, बॅटरीची सहा बुचं फिरवून काढायची, आत डोकावायचं, कमी असेल तिथं पाणी घालायचं. मग पेटीतून हायड्रोमीटर काढायचा. ही काचेची पिचकारी, तिच्या पोटात एक तरंगता काटा. प्रत्येक बुचाखालच्या कप्प्यातलं, म्हणजे घरातलं, ॲसिड थोडं वर ओढायचं आणि काटा कुठवर तरंगतो ते उजेडाकडे धरून बघायचं. काटा बाराशे ऐंशीला असला की काका बूच लावून म्हणत, "पोटभर जेवलीय." बाराशेच्या खाली गेला की नुसती मान हलवत. पाच घरं चांगली आणि एक मेलेलं असेल, तर तेही त्यांना एका पिचकारीत कळे.

त्यांच्या प्रत्येक शर्टला भोकं असत. ॲसिडचा बारीकसा थेंब उडाला तर त्या दिवशी काही दिसत नाही, धुतल्यावर तिथं भोक पडतं. काकू शिवणकाम करायची. गावातल्या निम्म्या लोकांचे कपडे तिच्या हातचे, आणि स्वतःच्या नवऱ्याच्या अंगावर मात्र चाळणी. ती म्हणायची, "लोकांना वाटतं मी तुम्हाला मुद्दाम असं फिरवते." काका म्हणायचे, "हवा खेळती राहते."

आम्ही त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. खाली पुढच्या बाजूला काकांचं दुकान, मागे काकूचं मशीन. दुकानात कायम तो आंबट, नाकात चढणारा वास, आणि भिंतीला लावून चार्जिंगला ठेवलेल्या बॅटऱ्या. त्यांच्या उघड्या तोंडातून बारीक बुडबुड्यांचा आवाज येई. काका त्या आवाजावरून सांगत की आता भरत आली, आता बंद करायला हवी. मला लहानपणी त्या आवाजाने झोप लागायची.

मग बुचं नसलेल्या बॅटऱ्या आल्या.

आधी टॅक्सी स्टँडवरच्या एकाने घेतली, मग दुसऱ्याने. वरून सपाट, गुळगुळीत, चारी बाजूंनी बंद. काका बॉनेट उघडून उभे राहिले आणि त्यांच्या हाताला काही कामच उरलं नाही. टॅक्सीवाला सहज म्हणाला, "काका, हिला पाणी लागत नाही म्हणे कधीच."

"कधीच?"

"सीलबंद आहे. उघडायचीच नाही."

काका घरी येऊन काकूला म्हणाले, "तोंड शिवून टाकलंय बिचारीचं. आजारी पडली तर जीभ कशी बघायची?"

पुढच्या काही वर्षांत फेरा आखडत गेला. डेपोने गाड्या बदलल्या. शाळेने बदलली. आणि आमच्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, एका बाईने फक्त सीलबंद बॅटऱ्यांचं दुकान टाकलं. नवरा परगावी नोकरीला, ही एकटी दुकान सांभाळायची. उंच, तुरुतुरु चालणारी, कानामागे पेन खोचलेलं. सगळे तिला ताई म्हणत. काका तिला काहीच म्हणत नसत, कारण तिच्याशी ते बोलतच नसत. सकाळी दोघांची शटरं एकाच वेळी वर जात, आणि काका पाठ करून कुलूप उघडत. काकूचं मात्र तिच्याशी कधीच बंद नव्हतं. ताईच्या मुलीचे फ्रॉक काकूच शिवायची. मापं घ्यायला मागच्या दाराने जायची एवढंच.

त्या हिवाळ्यात भोंगा काकांकडे आला. भोंगा म्हणजे दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याचा आवाज गाडीच्या भोंग्यापेक्षा मोठा, म्हणून हे नाव. काकांचा जुना दोस्त. त्याच्या गाडीची सीलबंद बॅटरी, घेऊन काही महिनेच झालेले, वारंवार उतरून बसत होती. जिच्याकडून घेतली तिच्याकडे न जाता तो दोस्ताकडे आला, याचाच काकांना केवढा आनंद. जिच्याकडून म्हणजे अर्थातच समोरच्या ताईकडून.

"ठेव इथं," काका म्हणाले. "सकाळपर्यंत भरून देतो. तोवर दुसरी लावू."

त्यांच्याकडे एका दुकानदाराच्या इन्व्हर्टरची बॅटरी पडून होती. जुनीच, पण लेबलवर मोठ्या अक्षरात शंभर एएच. गाडीच्या बॅटरीवर होतं सत्तर. काकांनी हिशेब केला: सत्तर चाललं तर शंभर धावेल. ती जागेवर नीट बसेना, म्हणून पट्ट्याने आवळून बांधली. भोंग्याने किल्ली फिरवली. गाडी नुकतीच चालून आलेली, इंजिन गरम, चटकन सुरू झाली. "बघ," काका म्हणाले. भोंगा खूश होऊन गेला.

आणि ती सीलबंद बॅटरी काकांनी त्यांच्या जुन्या चार्जरला लावली. नेहमीच्या बॅटऱ्यांना लावत तशीच, तेवढ्याच जोरात.

सकाळी उठून त्यांनी पाहिलं तर ती गरम लागत होती. बुडबुड्यांचा आवाज तर येणारच नव्हता. मग भरली की नाही हे कळायचं कसं? त्यांनी आणखी थोडा वेळ राहू दिली. चहा घेऊन आले तेव्हा तिच्या दोन्ही बाजू फुगल्या होत्या, पोटात वारा धरल्यासारख्या. काकांनी चार्जर बंद केला. आत गॅस कोंडलाय, तो काढून दिला पाहिजे, एवढंच त्यांना सुचलं. वरच्या पट्टीच्या फटीत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि उचकटलं.

फस्सकन आवाज आला. मग काकांची किंकाळी. आमच्या घरी ती किंकाळी अजून कुणी विसरलेलं नाही.

मी जिन्यावरून धावत खाली आले तोवर काकूने त्यांना मानेला धरून मोरीत नेलं होतं. नळ पूर्ण सोडलेला, काकांचं डोकं त्याखाली दाबून धरलेलं, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती त्यांच्या पापण्या उघडत होती. पाणी बर्फासारखं. काका ओरडत होते, "सोड, पुरे!" ती म्हणत होती, "पुरे मी सांगेन तेव्हा." इतकी वर्षं ॲसिडशेजारी संसार केलेला. काय करायचं ते तिला मनात पाठ होतं, फक्त करायची वेळ कधी आली नव्हती. मला म्हणाली, "भोंग्याला बोलाव."

भोंगा कोपऱ्यावरच राहायचा. पाच-सात मिनिटांत अंगात स्वेटर अडकवत आला. ॲम्ब्युलन्स त्याच्या दारातच उभी होती, काचेवर दव गोठून पांढरं झालेलं. त्याने किल्ली फिरवली.

घुर्र. घुर्र. मग नुसतं टक.

पुन्हा फिरवली. टक.

काकूने काकांना ओल्या टॉवेलसकट रस्त्यावर आणलं होतं. आम्ही गाडीपाशी उभे, बादलीतून त्यांच्या डोळ्यांवर पाणी सोडतोय, आणि ॲम्ब्युलन्स हलायला तयार नाही. भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. "सुरू हो गं बाई," तो गाडीला म्हणत होता.

समोरचं शटर खडखडत वर गेलं. ताई आतून बॅटरी उचलून आणत होती, खांद्यावर जाडजूड वायरी टाकलेल्या. बॅटरी एवढीशी, लहान कारची. भोंगा म्हणाला, "अहो, एवढीशीनं काय होणार? शंभरची दमली!"

"लहान आहे, पण जोर आहे. बॉनेट उघडा."

तिने लाल चिमटा लावला, काळा इंजिनच्या लोखंडाला लावला, हात वर केला. भोंग्याने किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात पेटलं. काकांचे डोळे घट्ट मिटलेले होते. त्यांनी ते पाहिलं नाही, ऐकलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काकूला विचारलं, पाणी लगेच मारलंत का? काकू हो म्हणाली. त्या म्हणाल्या, म्हणून डावा डोळा वाचला. उजव्यावर मात्र कायमचं धुकं बसलं. पुढे दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना घरी पाठवलं.

एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस गप्प झाला. खाटेवर पडून राहायचे. आम्हाला वाटलं, डोळ्याचं दुःख आहे. एका दुपारी मशीनवर बसलेल्या काकूला ते म्हणाले, "ती लहान होती ना गं? तिने लावली ती?"

"होती. माझ्या शिलाईच्या डब्याएवढी."

"मग चालली कशी?"

"मला काय विचारता? जिने लावली तिला विचारा."

काकांनी पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "येईल का ती?"

काकूने मशीन थांबवलं, चपला घातल्या आणि या वेळी पुढच्या दाराने गेली.

ताई आली ती घाबरतच. तिच्याच दुकानातल्या बॅटरीने या माणसाचा डोळा गेला होता. हातात काहीतरी आणावं म्हणून संत्री आणलेली. काका म्हणाले, "बस. मला फक्त एवढं सांग, सत्तरवालीपेक्षा शंभरवाली मोठी की नाही?"

"मोठी आहे, पण कशात मोठी ते बघायला हवं, काका."

"एएचमध्ये. साठा जास्त."

"साठा जास्त हे खरं. शंभर एएच म्हणजे पाच-पाच अँपियरनं घेतलं तर वीस तास पुरेल."

"ते मला माहीत आहे."

"पण पाचनं. हळूहळू. तुमच्या खोलीतले दिवे, पंखा, असं काही असेल तर झकास. गाडीचा स्टार्टर एका क्षणी दोन-तीनशे अँपियर मागतो. थंडीत इंजिनातलं तेल घट्ट होतं, म्हणून आणखी मागतो, आणि त्याच थंडीत बॅटरी आळसावते. त्या इन्व्हर्टरवालीकडे भरपूर होतं, पण तिला एकदम ओतता येत नव्हतं."

काकूने मशीनवरून विचारलं, "मग एकदम किती ओतेल ते कुठं लिहिलेलं असतं?"

"असतं ना. लेबलवर सीसीए असं लिहितात, त्याच्यापुढे आकडा. शून्याच्या खाली अठरा अंश थंडीत ठेवतात, आणि अर्धं मिनिट ती किती अँपियर देते, तेही व्होल्टेज सात-सव्वासातच्या खाली न पडता, ते मोजतात. मी आणली तिचा चारशे ऐंशी होता. तुमच्या त्या शंभरवालीवर हा आकडाच नाही. तिचं ते कामच नाही."

काकू उठली, दुकानात गेली आणि फुगलेली बॅटरी जिथं पडली होती तिथं बसून लेबल मोठ्याने वाचू लागली. "बारा व्होल्ट. सत्तर एएच. सीसीए सहाशे वीस. आणि हे आरसी काय? एकशे वीस लिहिलंय."

"ती मिनिटं. गाडी रस्त्यात असताना अल्टरनेटर बंद पडला, बॅटरी भरणं थांबलं, तर दिवे, वायपर वगैरे चालू ठेवून गाडी किती मिनिटं पुढे जाईल. पंचवीस अँपियर धरतात."

काकू दारात उभी राहून म्हणाली, "म्हणजे तुम्ही आत्तापर्यंत नुसतं छातीचं माप घेऊन कोट शिवत होता."

काका हसले. अपघातानंतर पहिल्यांदा. मग पट्टीखालून म्हणाले, "त्या लहानीच्या आत प्लेटा पातळ असणार. पातळ आणि पुष्कळ. म्हणून एकदम एवढं देते. इन्व्हर्टरवालीच्या जाड असतात. मी फोडून बघितलेल्या आहेत जुन्या. जाड प्लेट सावकाश देते, पण पुन्हा पुन्हा रिकामी केली तरी टिकते. पातळ प्लेट तशी वापरली तर झडून जाते."

"मला आतलं काही माहीत नाही, काका," ताई म्हणाली. "मी लेबल वाचते आणि मीटर लावते. आतून मी एकही बघितलेली नाही."

"आणि मी आतलंच बघत राहिलो," काका म्हणाले. मग विचारलं, "पण ती सीलबंद फुगली कशामुळे?"

ताईने मान खाली घातली. "तुमचा चार्जर जुन्या बॅटऱ्यांचा आहे. हिला साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नसतं. हिच्यात ॲसिड खेळतं नसतं, काचेच्या कापसासारख्या चटईत शोषलेलं असतं. गॅस झाला तर आतल्या आत पुन्हा पाणी होतं. फार जोरात भरलं तर तेवढं होत नाही, गरम होते, फुगते." मग हळूच म्हणाली, "मी विकताना हे सांगायला हवं होतं. तुमच्याकडे येईल असं वाटलं नव्हतं."

"भोंग्याने विचारलं असतं तर सांगितलं असतंस. मलाच विचारायचं नव्हतं."

त्यानंतर ती रोज येऊ लागली, दुपारच्या जेवणाच्या वेळात. काका आत काय असतं ते सांगायचे, ती लेबलवर काय असतं ते सांगायची, काकू मधे बसून दोघांना फालतू वाटतील असे प्रश्न विचारायची आणि त्यातला एखादा दोघांनाही येत नसे.

भोंगा मात्र आला नाही. पट्टी निघाली, काका डाव्या डोळ्याने रस्ता बघायला लागले, तरी नाही. शेवटी एका संध्याकाळी आला आणि बसलाच नाही.

"तुझा डोळा गेला, वाईट वाटलं," तो म्हणाला. "खरंच वाटलं. पण मी रोज एकच विचार करतो. त्या सकाळी गाडीत तू होतास. तू तर माझ्याच घराशेजारचा, आणि समोर ही बाई होती. वरच्या वस्तीतल्या कुणाची छाती दुखत असती, आणि मी त्याच्या दारात टक टक करत बसलो असतो, तर कुणाचं तोंड बघायचं होतं मी?"

भोंगा गेला. काकू म्हणाली, "रागात बोलला." काका म्हणाले, "नाही. बरोबर बोलला."

रात्रभर ते कूस बदलत राहिले असं काकू सांगते. सकाळी उठून त्यांनी पेटी घेतली नाही, कॅन घेतला नाही, नुसते दवाखान्यात गेले. भोंगा गाडी पुसत होता. काका म्हणाले, "माफ कर म्हणायला आलो नाही. एक विचारायला आलोय. ती पहिली, सीलबंद, नवी होती. ती मुळात बसत का होती?"

भोंग्याने फडकं थांबवलं. ही गोष्ट कुणीच विचारली नव्हती. त्याने नाही, काकांनी नाही, ताईनेही नाही. बॅटरी बसते म्हणजे बॅटरी वाईट, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

"मला तुझ्या गाडीत बसू दे," काका म्हणाले. "मागे. काही बोलणार नाही."

भोंग्याने फडकं खांद्यावर टाकलं. मागचं दार उघडं ठेवलं.

काका अख्खा दिवस त्या गाडीत बसले. तिच्यात आता ताईकडचीच दुसरी, तसलीच बॅटरी होती. गाडी दवाखान्यातून निघे, दोन-तीन किलोमीटरवर एखाद्या घरापाशी थांबे, इंजिन बंद. सिस्टर आत जाई, पेशंटला आणी. तोवर गाडीत औषधांचा छोटा फ्रीज चालू, छतावरचा दिवा चालू, कफ ओढायचं यंत्र लावलेलं. पेशंट खूप घाबरलेला असला की सिस्टर दार लावून तिथंच त्याला स्थिर करी, अर्धा-अर्धा तास. परत दवाखान्यात आलं की गाडी उभी, आणि फ्रीज तसाच चालू, कारण औषधं काढून ठेवायला वेळ कुणाला आहे? एका थंड वळणावर उभं असताना काकांनी सिस्टरला विचारलं, "हे सगळं इंजिन बंद असताना चालतं?"

"चालायलाच हवं," ती म्हणाली. "माणूस गुदमरत असेल तर इंजिन सुरू आहे का हे बघत बसू?"

"बरोबर," काका म्हणाले. "बरोबर."

संध्याकाळी ते थेट रस्ता ओलांडून ताईच्या दुकानात शिरले. त्या दुकानात त्यांनी पहिल्यांदाच पाय ठेवला, आणि ते इतक्या तंद्रीत होते की त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. "ताई, बॅटरी चांगली होती. आपण तिला भलत्या कामाला लावली होती. तिचं काम एकदम जोर द्यायचं आणि मग चालत्या गाडीत भरून घ्यायचं. आणि ती बिचारी दिवसभर फ्रीज चालवतेय, दिवा लावतेय, आणि भरायला दोन किलोमीटर मिळतायत. प्लेटा झडणार नाहीत तर काय होईल?"

ताईने पेन कानामागून काढून पुन्हा कानामागे खोचलं. "दोन लावायच्या?"

"दोन. एक इंजिनासाठी, सीसीए बघून, तिला कुणी हात लावायचा नाही. एक मागच्या यंत्रांसाठी, जाड प्लेटांची, सीलबंदच, कारण मागे पेशंट झोपतो, तिथं ॲसिडचा वास नको. आणि दोघींच्या मधे असं काहीतरी की चालताना दोघी भरतील, पण उभं असताना मागचीने पुढचीचं खायचं नाही."

"तसा रिले मिळतो," ताई म्हणाली. "बोटींवर लावतात. मागवते."

डॉक्टरीणबाईंनी एकदा ऐकलं आणि हो म्हणाल्या. एका डोळ्याने काकांना अंतर कळत नव्हतं, पाना नटावर न बसता शेजारी बसे. मग ते सांगत आणि ताई आवळी. दोघांचं एकमत असं कधी झालं नाही. वायर किती जाड घ्यायची यावरून अर्धी सकाळ गेली. मागची बॅटरी सीटखाली आडवी बांधली. काकांनी पट्टा चार वेळा ओढून बघितला. जोडण्याआधी दोघांनीही डोळ्यांवर चष्मे चढवले होते, जाड काचेचे. त्यानंतर काकांच्या समोर कुणी चष्म्याशिवाय बॅटरीला हात लावला की ते त्याचा हातच धरत. आपला उजवा डोळा त्याच्याकडे वळवत.

भोंगा हे सगळं दुरून बघत होता. काम झाल्यावर काका म्हणाले, "सुरू करून बघ."

"आत्ता गरम आहे," भोंगा म्हणाला. "उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. काका लवकर उठून खिडकीपाशी उभे राहिले. कोपऱ्यावर भोंगा बाहेर आला, काचेवरचं पांढरं खरवडलं, आत बसला. इंजिन सुरू झालं. त्याने खिडकीकडे पाहिलं नाही, गेला. तिसऱ्या दिवशी तसंच, चौथ्या दिवशी तसंच. काकू म्हणाली, "तुमच्याकडे बघतसुद्धा नाही." काका म्हणाले, "गाडीकडे बघू दे त्याला. माझ्याकडे मागाहून बघेल."

पूर्ण हिवाळा गेला. मग एक दिवस भोंगा दारात उभा राहून, आपल्या मूळच्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "पाणीवाले! वरच्या वस्तीत एक म्हातारी होती. तासभर इंजिन बंद करून सिस्टर तिच्याशी झटत होती. सगळी यंत्रं चालू. निघताना मी देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. आणि एका फटक्यात, अरे, एका फटक्यात!"

"म्हातारी कशी आहे?"

"दवाखान्यात शिव्या देतेय सगळ्यांना." मग तो बसला. काकूने चहा टाकला.

पुढे काकांनी आपलं शटर पूर्ण उघडणं बंद केलं. वखारीच्या दोन जुन्या ट्रकना आणि एका ट्रॅक्टरला अजून बुचांच्या बॅटऱ्या होत्या, त्यांच्यापुरतं ते उघडत. बाकी वेळ ते समोर असत, ताईच्या दुकानात, मीटरच्या टेबलाशी. मोठा आकडा वाचायला त्यांना डावा डोळा पुरे, बारीक लेबल काकू येऊन वाचून देई. दोन दुकानांची पाटी एक करायची की नाही यावर ताई आणि ते अजून भांडतात. ताईचं म्हणणं, पाटीवर पाणीवाले लिहिलं की लोक पाणी मागायला येतील.

एकदा मी त्यांना विचारलं, डोळ्याचा राग येत नाही का? ते म्हणाले, "सकाळी दाढी करताना येतो. उजवा गाल राहून जातो." आणि खरंच त्या गालावर दोन-चार पांढरे केस होते.

परवा मी गेले तेव्हा एक टॅक्सीवाला आला होता. म्हणाला, दुकानात सगळ्यात मोठी असेल ती द्या. ताई फडताळाकडे वळली, तेवढ्यात काकांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस. गाडी रात्री कुठं उभी असते? छप्पर आहे का वर? दिवसाकाठी किती चालते, एका दमात किती? गिऱ्हाइकाची वाट बघताना इंजिन बंद करून गाणी लावतोस ना?"

टॅक्सीवाला घड्याळाकडे बघत बसला, आणि मग बोलायला लागला. आधी गाडीबद्दल, मग रस्त्याबद्दल, मग तो स्टँडवर तासन्‌तास थांबतो तेव्हा काय काय होतं त्याबद्दल. दुकान बंद करायची वेळ झाली म्हणून ताईने शटर अर्धं खाली ओढलं, दोघांकडे पाहिलं, आणि पुन्हा वर सरकवून दाराशी उभी राहिली.